गावातल्या एएम रेडिओ स्टेशनवर तासाला ७५ डॉलरने वेळ मिळतोय, मराठी कार्यक्रम सुरू करावा का? आणि ही स्टेशनं असा वेळ विकून जगतात तरी कशी?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण बरोबर हाच उद्योग आम्ही चौघांनी न्यू जर्सीत २०१० ते २०१२ केला होता. दर रविवारी अर्धा तास, १२५ डॉलर, चेक आधी आणि माइक नंतर. तुम्हाला ७५ मध्ये अख्खा तास देतायत म्हणजे त्यांची अवस्था आमच्या वेळेपेक्षा वाईट असणार.

आधी हा धंदा कसा चालतो ते सांगतो. नेहमीचं रेडिओ स्टेशन काय करतं, स्वतः कार्यक्रम करतं, लोक जमवतं आणि मग त्या लोकांच्या जोरावर जाहिराती विकतं. छोट्या एएमकडे लोकच राहिले नाहीत. गाणी ऐकणारे एफएमवर जाऊन आता ४०-४५ वर्षं झाली, १९८७-८८ नंतर राजकीय टॉक शो आले त्याने मोठी एएम स्टेशनं तगली, पण हजार वॉटवाल्याला त्यात काही मिळालं नाही. १९८१ मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रेडिओवर नियम लावणाऱ्या सरकारी खात्याने, तासाला किती मिनिटं जाहिरात चालेल याचे जुने निकष काढून टाकले, त्यामुळे अख्खा अर्धा तासच एखाद्याला विकायची वाट मोकळी झाली. मग स्टेशनवाला म्हणतो, तू माझा अर्धा तास घे, त्यात प्रवचन कर, गुडघेदुखीच्या गोळ्या वीक नाहीतर लता लाव, जाहिराती तुझ्या तू शोध, फायदातोटा तुझा, मला माझा चेक दे. आपल्याकडे १९९३ ते १९९८ आकाशवाणीच्या एफएमवर टाइम्स एफएम चालायचं तेही असंच विकत घेतलेल्या वेळेत, मुंबईकरांना आठवत असेल. फरक इतकाच की तिथे ऐकायला अख्खी मुंबई होती.

आमचं स्टेशन एका गॅरेजच्या मागे होतं, दोन खोल्या आणि एक कॉफीमेकर. आमच्या आधी पोलिश पोल्का वाजवणारे एक आजोबा, नंतर हैतीचे पास्टर, सकाळी रिटायरमेंटच्या पैशांचं काय करायचं ते सांगणारा एक सूटवाला. माणसं खरंच छान होती, आजोबा तर दर वेळी आमच्यासाठी डोनट ठेवून जायचे. पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पोल्का ऐकणारा आमचं मराठी लागलं की बंद करणार, आणि आमची काकू मंडळी साडेपाचला पास्टर सुरू झाले की बंद करणार. म्हणजे दर अर्ध्या तासाला दुकान रिकामं करून परत भरायचं. स्टुडिओच्या कंट्रोल बोर्डवर एक कॉलेजचा पोरगा असायचा, आमचा कार्यक्रम चालू असताना तो कानात स्वतःचंच काहीतरी ऐकत होमवर्क करायचा, फक्त मीटरचा काटा हलतोय ना ते बघायचा. लॉगमध्ये आमचं नाव ‘इंडियन म्युझिक’. आम्ही अर्धा वेळ पुलंवर बोललो तरी इंडियन म्युझिक. एका रविवारी आम्ही सगळे लग्नाला जाणार म्हणून सीडी देऊन गेलो तर त्यांनी मागच्या आठवड्याचीच सीडी परत लावली, आणि ते स्टेशनवर कोणालाच कळलं नाही, आम्हाला फोन आला तो श्रोत्यांचा. मॅनेजरने लगेच मेक-गुड दिला, म्हणजे एक अर्धा तास फुकट. भला माणूस होता तो, पण त्याचं गिऱ्हाईक आम्ही होतो, ऐकणारे नव्हते, त्यामुळे ऐकणाऱ्यांकडे कोणी बघतच नव्हतं. पेड प्रोग्रॅमिंगची, म्हणजे अशा वेळ विकण्याची, खरी कीड मला हीच वाटते. चेक वेळेवर येतात तोवर स्टेशन मेलंय हे स्टेशनलाच कळत नाही.

आता तो किस्सा, जो तुम्ही सही करायच्या आधी वाचलाच पाहिजे. आम्ही सप्टेंबरमध्ये सुरुवात केली, संध्याकाळी ५ ते ५:३०. दोन महिने मस्त गेले. २०१० ची दिवाळी ५ नोव्हेंबरला होती आणि ७ तारखेच्या रविवारी भाऊबीज, आम्ही जंगी कार्यक्रम ठरवला, मुलांच्या ओव्या, फराळाच्या गप्पा, साडीच्या दुकानवाल्याने डबल पैसे दिले. आणि त्याच पहाटे अमेरिकेतली उन्हाळी वेळ संपून घड्याळं एक तास मागे गेली. पाचला आम्ही ‘नमस्कार मंडळी’ म्हटलं आणि दहा मिनिटात पिस्कॅटवेहून मित्राच्या आईचा फोन, "अरे तुम्ही बोलताय की चकल्या तळताय? नुसती चुरचुर ऐकू येतेय."

झालं असं की आमचं स्टेशन दिवसाचं स्टेशन होतं. एएमच्या लहरी दिवसा जमिनीलगत जातात, पण सूर्य मावळला की वरच्या वातावरणातला थर त्या शोषायचं बंद करतो आणि त्या वर आदळून शेकडो मैलांवर जाऊन पडतात, न्यू जर्सीचं स्टेशन ओहायोत कोणाच्या तरी डोक्यावर. म्हणून एफसीसी असल्या छोट्या स्टेशनांना सूर्यास्ताला बंद व्हायला किंवा पॉवर पार खाली आणायला लावते, आणि लायसन्समध्ये महिन्यागणिक वेळाच छापलेल्या असतात. आमच्याकडे जूनमध्ये रात्री ८:३०, नोव्हेंबरमध्ये ४:४५, डिसेंबरमध्ये ४:३०. पावणेपाचला हजार वॉटचे चाळीसेक वॉट झाले होते, म्हणजे घरातल्या बल्बएवढे, आणि भाऊबीज ऐकली ती टॉवरशेजारच्या टायरवाल्याने. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. आम्हाला कसं माहीत असणार बाबा, आम्ही डोंबिवलीचे.

यातच त्यांच्या हलाखीचं गणितही आलं बघा. हिवाळ्यात विकण्यासारखे तास नऊ-दहाच, खर्च मात्र बारा महिने. वीज, टॉवरचे लाल दिवे आणि रंग, गाण्यांसाठी आस्कॅप, बीएमआय वगैरे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांची फी, एफसीसीची वार्षिक फी, चार स्टेशनं मिळून सांभाळणारा कंत्राटी इंजिनियर. आमच्या इंजिनियरने एकदा टॉवर दाखवायला नेलं होतं, सगळी पाणथळ जमीन, कारण ओल्या खारट जमिनीत एएम चांगलं चालतं, न्यू यॉर्कच्या कित्येक स्टेशनांचे टॉवर मेडोलँड्सच्या दलदलीत आहेत ते त्यामुळेच. जमिनीखाली तांब्याच्या तारा पसरलेल्या असतात, साधारण १२०, सायकलच्या आऱ्यांसारख्या. त्या तांब्यावर चोरांचा डोळा आणि जमिनीवर बिल्डरचा. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाला डब्ल्यूएमएएलच्या टॉवरची ७५ एकर जागा घरं बांधायला विकली गेली, २०२० मध्ये टॉवर पाडले, आणि ते तर मोठं, नावाजलेलं स्टेशन. १९९० मध्ये अमेरिकेत जवळजवळ पाच हजार एएम स्टेशनं होती, आता साडेचार हजारांच्याही खाली आलीयत.

चेक देणारा कोण हे मग फारसं विचारलं जात नाही. कॅन्सस सिटीजवळच्या केसीएक्सएलने जानेवारी २०२० पासून रोज सहा तास रशियन सरकारचा रेडिओ स्पुटनिक लावला, तीन वर्षांचे ३ लाख २४ हजार डॉलर, म्हणजे तासाला पन्नासच्याही आत. ऐकून लोक खवळले, पण मला आधी तो भाव दिसला, ५० डॉलरमध्ये परक्या देशाचा प्रचार अमेरिकेच्या मधोमध! कोणी पैसे दिले ते सांगायचा कायदा १९२७ पासून आहे, ती ‘पुढील कार्यक्रम पैसे भरून...’वाली घोषणा त्यासाठीच असते, पण ऐकतो कोण. त्याच्या उलट बाजूला व्हँकुव्हरचे पंजाबी. स्टुडिओ कॅनडात सरेमध्ये, टॉवर सीमेपलीकडे अमेरिकेत, आणि श्रोते भरपूर, पण कॅनडाचं लायसन्स नाही, म्हणून २०१४ मध्ये तिथल्या सीआरटीसीला, म्हणजे कॅनडाच्या एफसीसीला, मध्ये पडून हे बंद करायला लावावं लागलं. त्यांच्याकडे दिवसभर एकच भाषा, टॅक्सीवाले, ट्रकवाले, सगळे कायम ऐकणारे. म्हणजे वेळ विकत घेऊन रेडिओ चालतो, पण दिवसभराचा घेतला तर. आठवड्याला अर्धा तास घेणाऱ्याचं काही खरं नाही.

आमचं काय झालं विचाराल तर साडीवाला ४०, एक मॉर्गेजवाले दादा ५०, आणि किराणा दुकान पैशांऐवजी श्रीखंडाचे डबे द्यायचं. वर्षाला दोनेक हजार डॉलर पदरचे गेले. २०१२ मध्ये साडीवाल्याने फेसबुकवर जाहिरात सुरू केली आणि आम्ही बंद केलं. पोल्कावाल्या आजोबांनी त्या रविवारी दोन डोनट जास्त ठेवले होते.

तर तुम्ही करावं का? हौस असेल तर करा, पैशासाठी नको, आणि गावातले आजीआजोबा खरंच रेडिओ लावतात का ते आधी मंडळात विचारा, कारण पोरं पॉडकास्टच ऐकणार आणि नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत तर बऱ्याच ठिकाणी एएम काढूनच टाकलंय. स्टेशनवाल्याला म्हणा लायसन्समधलं सूर्यास्ताचं पान दाखव. २५० वॉटचा एफएम ट्रान्सलेटर, म्हणजे तेच प्रसारण एफएमवर लावणारा छोटा ट्रान्समीटर, आहे का विचारा, असेल तर रात्रीचाही वेळ चालेल, नसेल तर दुपारीच घ्या. तुम्हाला देतायत त्याच वेळेला गाडी काढून मराठी घरं जिथे आहेत तिथे स्टेशन लावून फिरून या, जमलं तर डिसेंबरात. आणि ते वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे करतील, तुम्ही १३ आठवड्यांचंच करा.