शेतकऱ्यांना एवढी अनुदानं मिळतात, तरी शेती तोट्यात कशी?

अनुदान मिळतं, हे खरंच आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना पडते, कारण खर्चाचा मोठा भाग केंद्र सरकार उचलतं. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच. म्हणजे अख्ख्या कुटुंबाला महिन्याला हजार रुपये. फवारणीची औषधं आणि मजुरी म्हटली की ते संपले.

पण एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं, त्याचा हिशोब कोणी मांडत नाही. कांद्याचंच बघा. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये थेट बंदी. बंदी मे २०२४मध्ये उठली, शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या काळात माल देशातच अडकल्याने नाशिक-नगरकडच्या शेतकऱ्याने जो भाव गमावला, ते माझ्या मते त्यानेच शहरातल्या ग्राहकाला दिलेलं अनुदान होतं. आणि कांदाचाळीत सडलेला माल वेगळाच.

शिवाय जे मिळतं ते सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा ठोक्याने कसणारा पाऊस, कर्ज, रोग सगळं अंगावर घेतो, पण पीएम-किसानच्या यादीत त्याचं नाव नसतं. नवरा गेल्यावर शेत एकटीने सांभाळणाऱ्या कितीतरी बायकांचं नावही उताऱ्यावर वेळेत चढत नाही. अनुदान बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी निर्यातीचं धोरण पाच वर्षं तरी स्थिर ठेवायची मागणी करावी.