एका बाणावरून साइट हलवू नकोस

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सर्व्हरची डिस्क भरली, लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइल्स) पुसूनही जागा मोकळी होईना, शेवटी मशीन रीस्टार्ट केल्यावर सगळं सुरळीत झालं, असं लिहिलं आहेस. आणि आई-बाबा, धाकटा भाऊ असे सगळे मिळून तिरंदाजी शिकायचं ठरवताय, हेही. दोन्हींवर लिहितो. आधी डिस्कचं, कारण ते काम अर्धंच झालंय. जागा परत आली, पण ती गेली कुठे होती हे अजून तुला ठाऊक नाही.

बहुधा असं झालं असणार. लिनक्सवर फाइल पुसली की डिरेक्टरीतून तिचं नाव जातं. पण एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, ती उघडून ठेवली असेल, तर तिने व्यापलेली जागा सुटत नाही. म्हणून डिस्कची एकूण वापरलेली जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही कमांड डिस्क पूर्ण भरल्याचं सांगते आणि दिसणाऱ्या फाइल्सची जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज त्याच्या जवळपासही जात नाही. अशी तफावत दिसली की उघड्या फाइल्सची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ने पुसलेल्या पण उघड्या राहिलेल्या फाइल्स शोधायच्या. ज्या सेवेने त्या धरून ठेवल्यात, तेवढी सेवा रीस्टार्ट केली तरी पुरतं. यापुढे चालू लॉग पुसण्याऐवजी ट्रंकेट करत जा. फाइल तीच राहते, आतला मजकूर जातो. त्याआधी शेवटच्या ओळी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेव. लॉग एवढा का फुगला, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं, आणि घाईत नेमकं तेच पुसलं जातं.

तफावतीचं आणखी एक कारण सहज नजरेतून सुटतं. बॅकअपची डिस्क एखाद्या रात्री माउंटच झाली नाही (तिच्या डिरेक्टरीशी जोडलीच गेली नाही), तर बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे मूळ डिस्कवर लिहिला जातो. नंतर डिस्क माउंट झाली की त्या फाइल्स तिच्याखाली झाकल्या जातात. ‘डीयू’ला त्या दिसत नाहीत, ‘एलएसओएफ’लाही नाही.

आणि ‘जागा शिल्लक नाही’ हा संदेश नेहमी जागेबद्दलच असतो असंही नाही. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवर फाइल्स मांडायच्या पद्धतीत) आयनोडची, म्हणजे प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदीची, संख्या ती तयार करतानाच ठरते. लाखो बारीक फाइल्स साचल्या तर निम्मी डिस्क मोकळी असूनही नवी फाइल बनत नाही. तेव्हा आयनोड वेगळे तपासत जा.

सगळ्यात जास्त जपायचं ते रेडला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठ्याला. रेड ५मधली एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते, पण तेवढ्यात दुसरी गेली की संपलं. रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करणं, चालू असताना उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. कुठे खराब सेक्टर दडलेला असेल तर तो याच वेळी वर येतो. म्हणून रीबिल्ड सुरू करण्याआधी बॅकअप ताजा आहे का आणि तो खरंच रिस्टोअर होतो का, हे बघ. बाहेर काढायच्या डिस्कचा सिरियल नंबर दोनदा जुळव, शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लाव. चुकून धडधाकट डिस्क ओढली गेली तर पूर्ण ॲरे (डिस्कचा संच) बंद पडतो. या पाच मिनिटांसाठी कोणी वरून घाई करत असेल, तर त्याला थांबवायचा तुला पूर्ण हक्क आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय बदललंस ते वेळेसकट लिहून ठेव. तू त्या रात्री लॉग पुसले, कॅशे रिकामी केली, सेटिंग बदललं आणि रीस्टार्टही केलंस. यातल्या कशाने काम झालं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

तिरंदाजीच्या मैदानावर ही सवय आपोआप लागते, म्हणून तुमचा बेत मला मनापासून आवडला. नवशिक्याचा एक बाण डावीकडे गेला की तो लगेच साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, हलवतो. तसं करायचं नसतं. सगळे बाण सोडायचे, मग ते एकत्र पडलेत का ते बघायचं. एकत्र पण डावीकडे पडले असतील, तर साइटही डावीकडेच न्यायची. बाण जिकडे, साइट तिकडे. विखुरले असतील, तर साइटचा दोष नाही. उभं राहणं, दोरी हनुवटीशी दर वेळी त्याच जागी येणं, बोटं सैल सोडणं, यातलं काहीतरी बदलतंय. 

धनुष्य इतक्यात विकत घेऊ नका. प्रत्येकाच्या हातांच्या लांबीप्रमाणे दोरीची ओढ बदलते, त्यामुळे एकच धनुष्य घरभर पुरत नाही. सुरुवातीला मोठ्यांना १६ ते २० पाउंड ताकदीने ओढलं जाणारं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) पुरे, भावाला त्याहून हलकं. जड धनुष्य ताकदीने ओढलं की खांदा दुखावतो आणि चुकीची ढब अंगात बसते. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर नेम धरतात; तुम्ही मात्र काही आठवडे अगदी जवळून, लक्ष्याचा कागद न लावता बाण सोडा. गुण मोजायचे नसले की लक्ष शरीराकडे राहतं.

प्रत्येकाचा प्रबळ डोळा (नेम धरताना ज्याचं चालतं तो) आधी तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी फट ठेवायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून फटीतून दूरची एक वस्तू बघायची आणि ती न हरवता हात चेहऱ्याकडे आणायचे. फट ज्या डोळ्यापाशी येते, तो प्रबळ.

बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची ती सगळी ऊर्जा धनुष्यातच उलटते आणि ते मोडू शकतं. स्पर्धांमध्ये दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे सोडा, तीन म्हणजे बाण आणायला चला. पाच किंवा जास्त सलग वाजल्या की सगळं तिथल्या तिथे थांबवायचं. ‘थांबा’ म्हणायचा अधिकार भावालाही आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. बाण उपसताना मागे कोणी उभं नाही ना, ते बघा. आणि रेषेवर एकमेकांना शिकवत बसू नका. ते काम प्रशिक्षकाचं. आईला बाबांची सूचना आणि भावाला तुझी सूचना त्या क्षणी नकोच असते.

त्या तासापुरती ऑन-कॉलची (बिघाड झाला तर फोन घ्यायची) जबाबदारी सहकाऱ्याकडे दे आणि फोन बॅगेत ठेव. खिशातला फोन थरथरला की हात हलतोच.

आता सोमवारी ‘डीएफ’, ‘डीयू’ आणि आयनोडचे आकडे एकत्र काढून पाठव, त्या रात्रीच्या लॉगमधलं जे उरलं असेल तेही. बॅकअपची डिस्क तेव्हा माउंट होती का, तेवढं आधी बघ. तीही शक्यता तपासायला हवी. आणि भावाचा प्रबळ डोळा कोणता निघाला तेही कळव. उजव्या हाताचा असून डावा निघाला, तर आतापासूनच डाव्या बाजूने शिकवायचं का, हे प्रशिक्षकाशी बोलून ठरवा.

सस्नेह