पोटाचा घेर आणि हृदयाचा लगाम

प्रश्न : वय 44. नाशिकच्या सातपूरला कंपनीत पाळ्या असतात. वजन वाढल्यापासून बसल्याजागी नाडी 88-90 लागते. ईसीजी नॉर्मल आहे. मग बिघडलंय काय?

उत्तर : हृदय ठणठणीत असेल, पण त्याला मिळणारे हुकूम बदलले असतील. कुणी आवरलं नाही तर हृदय मिनिटाला साधारण 100 ठोके देतं. मेंदूतून मानेवाटे उतरणारी व्हेगस नर्व्ह लगाम धरते, म्हणून नाडी 70 च्या आसपास राहते. उलट सिम्पथेटिक नसा, म्हणजे ताणात शरीराला चेतवणाऱ्या नसा, नाडी पळवतात. पोटात, आतड्यांभोवती चरबी साठली की सिम्पथेटिकचा जोर वाढतो आणि व्हेगसचा लगाम ढिला पडतो. चरबीतून सुटणारं लेप्टिन हे संप्रेरक भूक आवरायला सांगतं, पण त्याच वेळी सिम्पथेटिकलाही चेतवतं. वाढलेलं इन्सुलिन त्यात भर घालतं. तुम्ही घोरता का, हे घरच्यांना विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर दरवेळी या नसा उसळतात आणि त्यांचा जोर दिवसाही ओसरत नाही. मात्र थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय सगळं पोटावर ढकलू नका.

प्रश्न : वजन उंचीच्या मानाने बरोबर आहे, फक्त पोट सुटलंय. मला हे लागू नाही ना?

उत्तर : आहे, आणि आपल्याकडे हेच जास्त दिसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. तेव्हा वजनकाटा बाजूला ठेवा, टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर गेलं तर पोटातली चरबी जास्त आहे असं धरा.

प्रश्न : घड्याळ एचआरव्ही कमी दाखवतं. घाबरू का?

उत्तर : नको. एचआरव्ही म्हणजे ठोक्याठोक्यांमधल्या अंतरातला फरक. तो झोप, ताप, दारू, वय सगळ्याने हलतो. स्वतःचाच आकडा महिनाभर बघा.

प्रश्न : रोज पांडवलेणीचा डोंगर चढले तर फरक पडेल?

उत्तर : नक्की पडेल. कंबर फारशी उतरण्याआधीच नियमित व्यायामाने व्हेगस सावरू लागते. वर पोचल्यावर लगेच आणि मिनिटभराने नाडी मोजून लिहून ठेवा. ती जितकी झपाट्याने उतरेल तितकं चांगलं. ट्रेडमिल चाचणीत पहिल्या मिनिटात ती 12 पेक्षा जास्त ठोक्यांनी उतरायला हवी. चढताना छातीत दाटलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा चढू नका.