टायगर बार्बला शेजारी शोधण्याआधी त्याची भावंडं वाढवा

तुमची अडचण मला समजली ती अशी. माशांचा तीन फुटी टँक, त्यात पाच टायगर बार्ब, दोन एंजल आणि एक फायटर. चार दिवसांत फायटरच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या, एंजलच्या पोटाखालचे लांब पर अर्धेच उरले. आता बार्बना वठणीवर आणील असा एखादा दांडगा मासा तुम्हाला हवा आहे आणि कन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी तुमच्या मनात आहे. शिवाय गोगलगायी फार झाल्यात म्हणून त्या खाणारा पी पफर हा छोटा मासा आणायचा विचार आहे.

फायटर आज रात्रीच बाहेर काढा, बाकीचं उद्या बघू. त्याला पंधरा-वीस लिटरचा वेगळा टँक, बारीक स्पंज फिल्टर आणि हीटर द्या. काचेच्या वाटीत ठेवू नका. पाणी स्वच्छ राहिलं तर शेपटी काही आठवड्यांत भरून येते. नवीन वाढ आधी पारदर्शक दिसते, तिला रोग समजून औषध ओतू नका. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तरच औषधाचं बघा. एंजलसुद्धा या टँकमध्ये राहू शकणार नाहीत. दुकानदार परत घेत असेल किंवा कोणा मित्राकडे उंच टँक असेल, तर तिकडे द्या.

आता मूळ दुखणं. टायगर बार्ब हा सुमात्रा आणि बोर्निओकडचा, थव्यात राहणारा मासा. थव्यात त्यांची दिवसभर रेटारेटी चालते. नरांची नाकं लालभडक होतात, दोघे समोरासमोर येतात, गोल गोल फिरतात, कधी तोंडात तोंड अडकवून ढकलतात. दहा-बारा जण असतील तर हा मार सगळ्यांत वाटला जातो आणि कोणा एकाच्या वाट्याला फारसा येत नाही. पाचच असतील तर एक दादा होतो, सगळ्यात अशक्त मासा कोपऱ्यात जातो आणि उरलेल्यांची नजर टँकमध्ये जे काही संथ हलतंय त्यावर जाते. फायटरची शेपटी, एंजलचे पर, गुरामीचे दोरे. समोर काहीतरी लोंबत असलं की त्यांना चावा घेतल्यावाचून राहवत नाही.

मी हे एका पर्ल गुरामीवर शिकलो. तेव्हा माझ्याकडे चारच बार्ब होते आणि "सगळे एकत्र राहतात" असं मला दुकानात सांगितलं होतं. गुरामी पोटाखालच्या दोन दोऱ्यांनी समोरची वस्तू चाचपत फिरते, आंधळ्या माणसाच्या काठीसारखी. तिसऱ्या दिवशी सकाळी लाइट लावला, तर तिचा एक दोरा मुळापासून गेलेला. ती हीटरच्या मागे उभी होती आणि उरलेल्या एकाच दोऱ्याने काच चाचपत होती. ते मला आजही आठवतं, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

तुम्ही टँकचं माप ३ × १ × दीड फूट दिलंय, म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण १२७ लिटर. रेती, लाकूड वजा जाता ११० धरा. आधीच्या बार्बच्याच आकाराचे आणखी सात बार्ब घ्या आणि सातही एकाच दिवशी सोडा. एकेक करून सोडलात तर प्रत्येक नवा मासा जुन्या पाचांच्या तावडीत सापडेल. शक्य असेल तर आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून ते निरोगी आहेत ना बघा. सोडण्याआधी लाकूड आणि दगडांची जागा बदला, म्हणजे जुन्यांनी आपले मानलेले कोपरे मोडतात. पोट भरलेलं असू द्या, लाइट बंद करा आणि मग सोडा. हिरवे किंवा अल्बिनो बार्ब मिळाले तर तेही चालतील, जात एकच आहे. एकदम सात मासे वाढल्यामुळे पहिले दोन आठवडे खाणं कमी टाका आणि तीन-चार दिवसांआड थोडं पाणी बदला.

बार्ब स्थिरावले की शेजारी आणा. शेजारी निवडताना मी त्याची ताकद बघत नाही. त्याचे पर आखूड आहेत का, तो चपळ आहे का आणि तो टँकच्या कुठल्या थरात राहतो, एवढंच बघतो. बार्ब मधल्या थरात असतात. वरच्या थरासाठी सात-आठ झेब्रा डॅनिओ घ्या, पण साधे. लांब परांचे डॅनिओ मिळतात ते नकोत. पाणी २४-२५ अंशांवर ठेवलं तर दोघांनाही मानवतं. काचेवरचं शेवाळ खायला एक ब्रिसलनोज मासा. दुकानात 'सकर' म्हणून जो देतात तो घेऊ नका, तो फूटभर वाढतो आणि मग लोक तो तलावात नाहीतर नदीत नेऊन सोडतात.

तळाला खरं तर लोच मासे शोभतात. क्लाउन लोच बार्बच्याच मुलखातला आणि त्यांच्याशी छान जमवून घेणारा, पण तोही फूटभर होतो. तीन फुटी टँकमध्ये त्याला कोंडू नये. मापात बसणारा लोच म्हणजे बारीक पट्ट्यांचा झेब्रा लोच, बोटिया स्ट्रिआटा. हा आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा मासा, जेमतेम तीन इंची, गोगलगायीही खातो. मात्र तो संकटग्रस्त जातींमध्ये गणला जातो आणि बाजारात येणारे बरेचसे नदीतून पकडलेले असतात. म्हणून मी स्वतः तो नव्याने विकत घेत नाही. कोणा हौशी माणसाला टँक मोडायचा असेल आणि त्याचे पाच-सहा लोच मिळाले, तर जरूर घ्या.

कन्व्हिक्टचं सांगायचं तर, जोडी जमली की ती अंडी घालणार आणि अंडी घातली की अर्धा टँक तिचा. बाकी सगळे मासे उरलेल्या दीड फुटात एका काचेला चिकटून दिवस काढतील. बार्ब वठणीवर येणार नाहीत, जखमी होतील.

पी पफर केरळच्या नद्यांतला, इंचभराचा, दिसायला फार गोड. गोगलगायी खातो हे खरं, पण तो शेजाऱ्यांचे परही तोडतो, आणि हालचाल संथ असल्याने बार्बच्या धांदलीत त्याच्या वाट्याला खाणं येत नाही. त्याला झाडांनी भरलेला स्वतंत्र टँक द्यावा. गोगलगायींसाठी रात्री काकडीची चकती तळाशी ठेवा, सकाळी गोगलगायींसकट उचला. आठवडाभर केलंत तर फरक दिसेल. त्या इतक्या वाढल्यात म्हणजे खाणं जास्त पडतंय, तेही कमी करा.

सगळं झाल्यावर रोज संध्याकाळी दहा मिनिटं समोर बसा. बार्ब एकमेकांच्या मागे धावतील, ते चालतं. पण एकच मासा सतत फिल्टरच्या मागे लपत असेल आणि खायलाही येत नसेल, तर दादाला आठवडाभर वेगळं काढून परत सोडा. आणि रात्री लाइट गेल्यावर सगळे डोकं खाली करून तिरके तरंगताना दिसले तर घाबरू नका. टायगर बार्ब झोपतात तसेच.