खानावळीतल्या चित्रात तीन बायका वाकून काय करतायत? ज्वारीची काढणी का?

काढणी नाही, सरवा (काढणीनंतर शेतात सांडून राहिलेल्या लोंब्या) वेचतायत. तुम्ही सांगितलेलं वर्णन (तीन बायका, डोक्याला रुमाल, मागे गंजी) फ्रेंच चित्रकार ज्यां-फ्रांस्वा मिले याच्या 1857 च्या चित्राशी जुळतं. मूळ तैलचित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पीक गव्हाचं. आपल्याकडे मंगळवेढ्याला ज्वारी मुळासकट उपटतात, मग कणसं मोडून कडब्याच्या पेंढ्या बांधतात. तसं यात काहीच नाही. नीट बघा: डावीकडची बाई एक हात पाठीवर ठेवून आहे आणि त्याच मुठीत वेचलेल्या लोंब्या आहेत. मालकाचं सगळं पीक मागे, लांब. गंजी, भरलेली गाडी, उजवीकडे घोड्यावरचा मुकादम. या तिघींच्या वाट्याला खाली सांडलेलं तेवढंच, आणि ते वेचायची गोरगरिबांना तिकडे मुभा असे. म्हणूनच पॅरिसच्या प्रदर्शनात बऱ्याच श्रीमंतांना ते चित्र झोंबलं.

फक्त एक खात्री करा. चित्रात दोघंच, मान खाली घालून उभे आणि पायाशी टोपली असेल, तर ते याच मिलेचं दुसरं चित्र. त्यात बटाट्याची काढणी मध्येच थांबवून नवरा-बायको सांजेची प्रार्थना करतात. छापील प्रतींच्या दुकानात दोन्ही शेजारीशेजारी असतात, त्यामुळे घोळ होतो.