भात बंद, गहू बंद, दूध बंद: काटा काय सांगतो आणि काय लपवतो

घरातलं कुणीतरी ठरवतं, सोमवारपासून भात बंद, गहू बंद, दूध बंद; साखर तर बंदच. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली येतो आणि सगळे खूश. चौथ्या आठवड्यात काटा जागचा हलत नाही, चिडचिड वाढलेली असते, पोट साफ होत नाही. मग अन्नाचा आणखी एक गट यादीतून जातो. डाळींनी गॅस होतो, म्हणून डाळी बंद. असं करत करत ताटात काकडी, कॉफी आणि मूठभर बदाम उरतात.

पहिल्या आठवड्यातले ते दोन किलो कुठून गेले ते आधी पाहू. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. धान्य आणि साखर एकदम तोडली की काही दिवसांत या साठ्यातला बराचसा भाग वापरला जातो आणि त्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. इन्सुलिनचं प्रमाण उतरल्यामुळे मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, उठताना गरगरणं हे बहुधा त्यामुळेच. चरबीचा हिशेब वेगळा आहे. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट नेमाने सांभाळली, तर एक किलो चरबी जायला पंधरा दिवस लागतात. त्याहून लवकर जे जातं त्यात पाणी असतं, आणि उपासमार झाली तर स्नायूही.

तरीही गट तोडल्यावर बऱ्याच जणांचं वजन खरंच उतरतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. कारण साधं आहे: पर्याय कमी झाले की खाणं कमी होतं. एकाच चवीचा माणसाला लवकर कंटाळा येतो, समोर नवी चव आली की पोटात पुन्हा जागा होते. धान्य बंद केलं की बिस्किट, केक, पिझ्झा, तळलेलं हे सगळं आपोआप सुटतं. श्रेय मात्र ‘ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) सोडलं’ याला मिळतं. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या चमूने ६०९ प्रौढांवरचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांनी कर्बोदकं कमी केली, निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ. वर्षअखेरीस पहिल्यांचं वजन सरासरी ६.० किलोंनी घटलं होतं, दुसऱ्यांचं ५.३ किलोंनी, हा फरक योगायोगाच्या मर्यादेतलाच होता. दोघांना मिळालेल्या काही सूचना मात्र समान होत्या: साखर आणि मैदा कमीत कमी, भाज्या भरपूर, शक्यतो घरी शिजवलेलं. आमच्या मते सगळ्यात कामाचा भाग तोच.

आता तोडलेल्या गटांबरोबर काय काय जातं ते पाहू. सगळ्यात जास्त चुका दुधाच्या बाबतीत होतात, म्हणून तिथे थोडं थांबू.

प्रौढ माणसाला रोज साधारण ७०० ते १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. देशोदेशीचे आकडे थोडे वेगळे असतात, पाळी कायमची थांबल्यानंतरच्या वयात काही ठिकाणी १,२०० सांगतात. एक पेला, म्हणजे २४० मिलिलिटर, दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्याच्या जागी बदामाचं पेय आणलं तर प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. सोयाचं पेय प्रथिनांत दुधाच्या जवळ जातं. कॅल्शियम या पेयांत वरून मिसळलेलं असतं, त्यामुळे खोक्यावरचा तक्ता वाचा: १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम असेल तर ते दुधाच्या बरोबरीचं. ते तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी खोकं जोरात हलवून मगच ओता. युरोपात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. सेंद्रिय शिक्क्याच्या वनस्पती-पेयांत कॅल्शियम सहसा मिसळलेलं नसतं, कारण तिथल्या सेंद्रिय उत्पादनाच्या नियमांत ते बसत नाही. महाग ते चांगलं, असं समजून घेतलेलं खोकं हाडांच्या कामाचं नसतं.

मांस, मासे, अंडी न खाणाऱ्या घरात दूध-दही हाच बी१२ जीवनसत्त्वाचा मुख्य नैसर्गिक आधार असतो. तो काढला आणि गोळी सुरू केली नाही, तर त्रास लगेच दिसत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, आणि घोटाळा इथेच होतो. तळव्यांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा दिसू लागेपर्यंत ‘आपण दूध सोडलं होतं’ हे कुणाच्या ध्यानातही नसतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी१२ आणखी घटतं. दुधाने पोट बिघडतं म्हणून ते सोडायचं असेल, तर आधी दही आणि मुरवलेलं कडक चीज घेऊन पाहा. त्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी असतं. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी पेलाभर दूधही जेवणाबरोबर घेतलं तर चालतं.

गव्हाच्या बाबतीत क्रम चुकतो. गहू सोडून बरं वाटलं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांना सांगितलं जातं की सीलिॲक रोग (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) आहे का ते तपासा. पण त्या रोगाची रक्ततपासणी शरीराने ग्लुटेनविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांवर (अँटिबॉडींवर) चालते. गहू बंद असेल तर ती हळूहळू उतरतात आणि रोग असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. शंका असेल तर तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज गहू पोटात गेला पाहिजे. शक्यतो दिवसातून एकाहून जास्त जेवणांत. आधी तपासणी, मग पथ्य. आणि ‘ग्लुटेनमुक्त’ छापलेलं बिस्किट हे शेवटी बिस्किटच असतं. तांदळाचं पीठ आणि स्टार्च, चोथा (फायबर) कमी, साखर-तूप बऱ्याचदा जास्तच.

धान्य आणि कडधान्य दोन्ही गेलं की चोथा जातो. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. नुसत्या भाजी-कोशिंबिरीवर तो भरून काढणं फार अवघड आहे. पोट साफ न होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

प्रथिनांचं गणित कागदावर मांडून बघा. वजन उतरवताना शरीराच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम तरी प्रथिनं धरावीत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.) ३० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ८. डाळ कोरडी असतानाच वजन करा. शिजल्यावर किती पाणी घातलंय त्यावर सगळं अवलंबून असतं, आणि पातळ वरणाची वाटी प्रथिनांच्या बाबतीत फार फसवी असते. शाकाहारी माणसाने डाळी आणि दूध दोन्ही बंद केलं तर ८४ चा आकडा गाठायला सोया आणि सुकामेवा उरतो. आणि ३० ग्रॅम बदाम म्हणजे १७० ते १८० कॅलरी. प्रथिनं कमी पडली आणि व्यायाम नसला, की उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचे किंवा बैठका, भिंतीवर हात टेकून जोर असे व्यायाम हवेतच. चालणं चांगलंच, पण तेवढ्याने स्नायू राखले जात नाहीत.

तेल-तूप पूर्ण बंद करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाबरोबरच शोषली जातात. आणि पोटात स्निग्ध काहीच जात नसेल तर पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं. त्यात वजन आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने उतरत असेल तर पित्तखडे होण्याचा धोका वाढतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली तर ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नका. केस गळणंही याच वेगाचं फळ. ते उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं, त्यामुळे दोष नव्या शाम्पूला किंवा, परदेशी राहायला गेलेले असाल तर, तिथल्या पाण्याला दिला जातो.

फळं सोडण्याचं कारण आम्हाला कधी पटलेलं नाही. रस सोडा, फळ ठेवा.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धान्य तोडू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं, आणि तेव्हा साखरेचा आकडा जवळजवळ नेहमीसारखाच दिसू शकतो. म्हणून मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांतलं काही झालं तर साखर तपासून निर्धास्त होऊ नका, तातडीच्या विभागात जा. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरताना कमी करावा लागू शकतो. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण एकाएकी वाढवू किंवा तोडू नये.

डॉक्टरांकडे जाताना एक आकडा लक्षात ठेवा. त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यात बॉडी मास इंडेक्स (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून स्थूलपणा लिहिलेला असेल. आशियाई लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे सुचवले आहेत, कारण कमी वजनातही आपल्याकडे पोटाची चरबी आणि मधुमेह दिसतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत पोचला असेल तर ‘तुमचं वजन ठीक आहे’ या उत्तरावर थांबू नका. महिनोन्‌महिने एखादा गट बंद असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण), बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यातल्या उन्हाने त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही, आणि सावळ्या त्वचेला एरवीही ऊन जास्त लागतं.

मग करायचं काय? सात दिवस काहीही न बदलता फक्त लिहा. चहातली साखर, पोरांच्या ताटातलं उरलेलं, स्वयंपाक करताना तोंडात टाकलेलं, शनिवारची बिअर, सगळं. तेलाचा हिशेब वेगळा करा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज साधारण ४० मिलिलिटर, म्हणजे ३३० कॅलरींच्या आसपास. ते अडीच-तीन लिटरवर आणलं की कोणताही गट न तोडता माणशी दीडशे कॅलरी कमी झाल्या. बाटलीतून थेट कढईत ओतणं बंद करा, चमच्याने मोजा. तांदूळ कच्चा असताना तोला: ५० ग्रॅममध्ये १८० कॅलरी असतात आणि शिजून त्याचा जवळजवळ तिप्पट भात होतो. एका वेळी १५० ग्रॅमचा खाणारा ७५ वर आला तर एका जेवणात २७० वाचल्या. रिकाम्या झालेल्या जागी भाजी आणि डाळ, अंडं किंवा दही वाढा. अर्धं ताट भाज्या, पाव ताट प्रथिनं, पाव ताट धान्य, एवढं डोळ्यांनी मोजता आलं की तराजू ठेवून द्या.

एवढं सांगूनही एखादा गट बंद करायचाच असेल, तर एकच करा, चार आठवड्यांसाठी, आणि त्याच्या जागी काय खाणार ते आधी लिहून ठेवा. मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला यात ओढू नका. आई-बाबा भात खात नाहीत म्हणून वाढत्या मुलाचा भात कमी होता कामा नये. किशोरवयीन मुलं-मुली एकेक पदार्थ ‘नको’ म्हणत सोडू लागली, सगळ्यांबरोबर जेवणं टाळू लागली, दिवसातून चार वेळा काट्यावर उभी राहू लागली किंवा मुलीची पाळी थांबली, तर हे डाएट आहे असं समजून कौतुक करू नका. आठवड्याच्या आत डॉक्टरांची वेळ घ्या. वजन अजून ‘नॉर्मल’ दिसतंय म्हणून वाट पाहू नका.

बंद केलेलं धान्य परत सुरू करताना पहिल्या तीन दिवसांत एकाच जेवणात थोडं घ्या, मग दुसऱ्या जेवणातही. या आठवड्यात काटा एक-दीड किलोने वर जाईल. ते ग्लायकोजेनबरोबर परत आलेलं पाणी आहे. बघून घाबरून पुन्हा सगळं बंद करू नका. कमरेची टेप लावा, आणि काट्यावरचा खरा आकडा दोन आठवड्यांनंतर लिहा.