समलिंगी आकर्षण असलेला, पण ब्रह्मचर्य पाळणारा माणूस स्वतःला ‘गे ख्रिस्ती’ म्हणू शकतो का?

यावर ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण या ओढीला ‘अव्यवस्थित’ म्हणतं, पण निव्वळ ओढीला पाप ठरवत नाही. ब्रह्मचर्य मात्र मागतं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकलांच्या (बायबलला सर्वोच्च मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांच्या) २०१७ च्या नॅशव्हिल निवेदनाने ‘गे’ ही ओळख स्वीकारण्यालाच नकार दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला समलिंगी आकर्षण असलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी रिव्हॉइस परिषद भरली. लग्नाबद्दलची पारंपरिक शिकवण मान्य असूनही तिथले अनेकजण स्वतःला उघडपणे गे म्हणवत होते, आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. काही चर्च तर समलिंगी विवाहही लावतात.

माझ्या मते ‘म्हणू शकतो’. येशूचा प्रेषित पौल याने बायबलमध्ये (१ करिंथ ७) अविवाहित राहणं हे देवाचं दान म्हटलंय, आणि प्रत्येकाचं दान वेगळं असंही तिथेच लिहिलंय. ब्रह्मचर्य मागणाऱ्या चर्चने आजारपणात, सणावाराला त्या माणसाला घरचं मानलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होत नाही.